कोड्यांचा शनिवार

मुलांना कोडी घालणाऱ्या माणसाकडे किस्से कसे साठतात, ते त्याचं त्यालाही कळत नाही. आपण धडा तयार करून जातो. परत येतो तेव्हा धडा तसाच पिशवीत असतो, किस्सा मात्र खांद्यावर बसून आलेला असतो! मंचरला बाजारात कुणी भेटलं की विचारतं, "काय सर, पोरांनी या शनिवारी काय केलं?" मी सांगतो, ते हसतात. मीही हसतो. पण घरी येताना वाटतं, आपलं काही चुकत तर नाही ना?

मी तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. जन्म पुण्यातल्या कॉलेजात गेला, डॉक्टरेट झाली आणि म्हातारपणी माझ्या गावी, निरगुडसरला परतलो. जवळच्या एका वाडीवरच्या शाळेत दर शनिवारी सातवीच्या मुलांना छोट्या रहस्यकथा आणि कोडी देतो. मुलांना आपापला विचार करायची, अडचण सोडवायची सवय लागावी, एवढाच हेतू. मुख्याध्यापिका भालेरावबाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "सर, पालकसभेपर्यंत वर्ग चालवा. पुढचं पालक ठरवतील."

शनिवार सोडला तर माझ्या आठवड्यात औषधाच्या गोळ्या आणि पेपर एवढंच. त्यामुळे 'पालकसभा' हा शब्द नुसता ऐकला तरी मी कॅलेंडरवरचे उरलेले शनिवार मोजायला लागायचो.

*

पहिल्याच शनिवारी मी मोठ्या उत्साहानं रहस्यकथा घातली. "मध्यरात्री एक माणूस हातात बॅटरी घेऊन शेतात एकटाच फिरत होता. सकाळी कळलं, शेजारच्या बंगल्यात चोरी झाली. सांगा, संशय कुणावर?"

मला वाटलं, वर्ग एका सुरात ओरडेल. पण मागच्या बाकावरचा सोहम म्हणाला, "सर, त्यो पान्याची मोटार चालू कराया गेला आसंल. शेताची लाईट रातचीच आस्ती."

"बरं. मग संशय कुणावर?"

"ज्यो घरात झोपला व्हता त्याच्यावर! लाईट आल्यावर झोपतंय का कुणी?"

पुढच्या बाकावर सानिका बसते. ती कधीच लगेच बोलत नाही. तिनं सावकाश विचारलं, "सर, खरंच एकटा गेला व्हता?"

"हो."

"रातचा बिबट्या फिरतोय ह्ये म्हाईत आसून? मंग त्यो चोर न्हाई सर, येडा हाय!"

ही कथा रचायला मी आख्खा आठवडा घालवला होता!

*

मग वाटलं, आपल्या कोड्यांना गावाचा वासच नाही. लहानपणी आमच्याकडे कोड्याला उखाणा म्हणत. म्हणून मी मुलांना सांगितलं, "पुढच्या शनिवारी प्रत्येकानं घरून एकेक उखाणा आणायचा. आईला विचारा, आजीला विचारा."

शनिवारी सोहम पहिला उठला. छाती पुढे काढून खणखणीत आवाजात म्हणाला, "कांद्याच्या वाफ्याला ठिबकचं पाणी, बाळासाहेबांचं नाव घेते, मी त्यांची राणी!"

वर्ग बाकांवर आडवा! भालेरावबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, बाळासाहेब तुझे वडील ना?"

"व्हय बाई. आईनं ह्योच दिला!"

सगळ्या घरांतून तसलेच उखाणे आले होते. शब्दाचा जुना अर्थ कधी गेला, मला पत्ताच नव्हता. त्या दिवसापासून मी बोलण्याआधी प्रत्येक शब्द दोनदा तपासतो. त्यामुळे बोलणं होतच नाही, ही वेगळी अडचण!

*

एकदा मुलांना खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना दाखवायला नेलं. तिथल्या साहेबांनी सांगितलं, "आकाशातल्या लहरी फार क्षीण असतात. मोबाईलनं गडबड होते. सगळ्यांनी मोबाईल बंद केलेत ना?" आम्ही सगळे एका सुरात "हो" म्हणालो.

साहेब समजावत असताना कुठूनतरी 'टिंग' झालं! भालेरावबाई चिडल्या. "कुणाचा आहे?" कुणी कबूल होईना.

सानिकानं हळूच माझी बाही ओढली. "सर, बंद करा."

"मी? माझा कशावरून?"

"आवाज आला तवा सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. तुमी खिशाकडं."

शिकवलेलं मुलांना येतंय, याचा आनंद मानावा तर तोही धड मानता येईना!

*

आणि मग तो रविवार आला. सानिकाचे वडील दत्ताभाऊ घरी सांगून गेले, "फवारणीचं औषध आणाया मंचरला चाललो." संध्याकाळी रिकाम्या हातानं परतले. म्हणाले, "दुकान बंद व्हतं."

सानिकानं त्यांच्याभोवती एक चक्कर मारली आणि आईसमोरच विचारलं, "बाबा, कॉलरला भंडारा हाय. औषधाच्या दुकानात भंडारा उधळत्यात व्हय?"

दत्ताभाऊ बैलगाड्यांच्या शर्यतीला गेले होते, आणि तिथल्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, गाडा जिंकला की भंडारा उधळतातच! पुढचे दोन दिवस त्यांना घरात भाकरी मिळाली, शब्द मिळाला नाही.

हे सगळं सानिकानं वर्गात अगदी अभिमानानं सांगितलं. मी मात्र येरझाऱ्या घालायला लागलो. मी मुलांना विचार करायला शिकवतोय, की घराघरांत हेर पेरतोय? शेवटी भालेरावबाईंकडे गेलो. "बाई, फार झालं का हो?"

"सर, तुम्ही एवढा विचार करू नका. मुलं करतात तेवढा पुरे आहे," त्या म्हणाल्या. मग एकदम चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "पण दत्ताभाऊ कोण, ते ठाऊक आहे ना? शाळा समितीचे अध्यक्ष!"

*

पालकसभा भरली. मधल्या खुर्चीत दत्ताभाऊ, समोर पालक, खाली सतरंजीवर मुलं. तक्रारी सुरू झाल्या. कुणी म्हणालं, पोरगं उलटं विचारतं. कुणी म्हणालं, पोरगी चपलांचे तळ तपासते!

मी उभा राहिलो. "या प्रॉब्लेम सॉल्व्हिंगमधून मुलांचं क्रिटिकल थिंकिंग..."

"मराठीत सांगा, सर," दत्ताभाऊ म्हणाले.

मराठी मला आठवेचना. मी खाली बसलो. वर्ग गेला, हे मनात पक्कं झालं.

दत्ताभाऊंनी घसा साफ केला. "ह्ये बघा, आता मीच कोडं घालतो. वर्ग बंद करायचा का चालू ठेवायचा, ह्ये मी घरनं निघतानाच ठरवून आलोय. माझ्या मनात काय हाय, ते पोरांनी वळखायचं. बरोबर वळखलं, तर वर्ग चालू. चुकलं, तर मी ठरवलंय तसं."

सोहम ओरडणारच होता, "चा..." तेवढ्यात सानिकानं त्याचं तोंड दाबलं. मग स्वतःच उठली.

"तुमी बंद करायचं ठरवलंय."

मी कपाळाला हात लावला. पोरी, हे काय बोललीस!

"चूक!" दत्ताभाऊ गरजले.

"म्हंजी चालू ठेवायचं ठरवलंय?"

"आँ? न्हाई न्हाई. बंदच करायचं ठरवलंय."

"मंग माझं बरोबर आलं की. बरोबर आलं तर चालू, तुमीच म्हनला."

"मंग... चूक!"

"मंग तुमी चालू ठेवायचं ठरवलंय, आन् चुकलं तर तुमी ठरवलंय तसं. चालूच!"

बायकांच्या बाजूनं हसू फुटलं, त्यात सर्वांत मोठा आवाज सानिकाच्या आईचा! भाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हात जोडून माझ्याकडे वळले.

"सर, ही घरी आमच्याशी रोज असंच बोलती. निदान शनिवारी तरी हिला तुमच्याकडं ठेवून घ्या राव!"