चुकलेलं सांत्वन

मागच्या हिवाळ्यात उत्तर आयर्लंडमधल्या आमच्या वॉर्डात एक म्हातारे कौन्सिलर न्यूमोनियाने दाखल झाले. मूळचे गाईगुरांचे शेतकरी, पण तीस वर्षं निवडून येत होते. भाषणं रटाळ करत. मात्र कुणी वारलं, की पंथ कोणताही असो, कॅथलिक की प्रोटेस्टंट, त्या घरी जाऊन शवपेटीजवळ उभे राहत, घरच्यांचा हात हातात घेत आणि तिथल्या रीतीप्रमाणे चहा पिऊन येत. मी याला प्रचार समजायचो.

त्याच आठवड्यात त्यांचा दुसऱ्या पंथातला जुना प्रतिस्पर्धी वारला.

"डॉक्टर, दोन तास सोडा मला."

"ताप उतरू दे. तो काही तक्रार करणार नाही."

"तो नाही करणार. पण मी गेलो नाही, तर त्याची माणसं माझ्याकडे येणार नाहीत."

मी हसलो आणि ऑक्सिजन वाढवला.

महिन्याभरात तेही गेले. त्यांच्या घरी पक्षाचं भलंमोठं पुष्पचक्र होतं आणि भेटायला येणाऱ्यांसाठी केलेल्या सँडविचची बरीच ताटं झाकलेलीच होती. पलीकडच्या पंथाचं कुणी आलं नव्हतं.

"आजारी होते, हे मी सगळ्यांना सांगितलं," त्यांची बायको म्हणाली. "लोक म्हणतात, ताप बरा सोयीचा आला."

ताप खरा होता आणि अडवलं मी होतं, हे मी कुणालाही सांगितलं असतं. पण ज्यांना सांगायचं, त्यांच्यातलं कुणीच त्या खोलीत नव्हतं.