एस्किलची पाठ

हिवाळ्यात स्वीडनमध्ये दुपारचं जेवण पचतंय न पचतंय तोच अंधारून येतं. रागनार सोफ्यावर आडवा झालाय. डोळे मिटलेत, पण आतून मोनाचा, त्याच्या बायकोचा, आवाज अजून येतो. "टिल्डाला आज तरी उत्तर दे. पोर वाट बघतेय."

टिल्डा ही एस्किलची मुलगी. आणि एस्किल म्हणजे टेनिसच्या दुहेरीतला रागनारचा जन्माचा जोडीदार. दोघांनी मिळून अर्धं जग पालथं घातलं, चषकही आणले. मागच्या पानगळीत तो गेला. आता क्लबात त्याच्या आठवणीचा सामना आहे, आणि टिल्डाला बापाच्या जागी उभं राहायचंय, रागनारच्या जोडीनं. एस्किल गेल्यापासून ज्यानं रॅकेटीला हात लावलेला नाही, तो काय डोंबलाचं उत्तर देणार?

मोनाचा आवाज लांब जातो. पायाखाली लाल माती आहे, भिंती मात्र घरच्याच. रागनारच्या हातात चेंडू. समोर नेटजवळ एस्किल पाठमोरा उभा, एक हात कमरेमागे. खूण तीच जुनी: मूठ म्हणजे मी इथेच आहे, उघडा पंजा म्हणजे मी बाजू बदलतोय, माझी मोकळी झालेली तू सांभाळ.

मूठच आहे. रागनारला हायसं वाटतं.

"एस्किल, इकडे बघ ना."

"नेटवरचा गडी मागे बघत नसतो," एस्किल म्हणतो. "तुझा चेंडू सरळ थोबाडावर बसायचा. तुझी सर्व्हिस मला नवी आहे का?"

आवाज तोच, चिडवणारा. पण मातीत त्याच्या बुटांचा एकही ठसा नाही. रागनारच्या अंगावर काटा येतो. भिंती आता एस्किलनं शेवटचे दिवस काढले त्या इस्पितळाच्या व्हरांड्याच्या झाल्यात, नेट तसंच आडवं.

"टिल्डा म्हणते..."

"ठाऊक आहे मला."

"तुझ्या जागी दुसरं कुणी मला बघवणार नाही रे."

"म्हणून जागेवर खिळून राहणार? आयुष्यभर हेच केलंस. मी बाजू बदलायचो आणि तू ढिम्म. अर्धं कोर्ट उघडं टाकून किती सामने घालवलेस, बाबा."

रागनारला हसू येतं आणि त्याच्या पाठोपाठ रडू.

मूठ उघडते. एस्किल आडवा झेपावतो आणि व्हरांड्याच्या टोकाच्या काळोखात शिरतो, एकदाही मागे न बघता. त्यानं सोडलेली बाजू उघडी पडलीय, एवढंच रागनारला दिसतं. या खेपेला तो धावतो.

डोळे उघडतात तेव्हा तो सोफ्यावर नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीशी, धापा टाकत उभा आहे. खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ. मोना दिवा लावते आणि त्याच्या पायांकडे बघतच राहते. लोकरीच्या मोज्यांचे तळवे लाल मातीनं माखलेत.

"टिल्डाला फोन लाव," रागनार म्हणतो. "आणि हे मोजे धुवायला टाकू नकोस."