रांगोळीतली रिकामी जागा

माझी रांगोळी चांगली होती, हे माझं दुर्दैव.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते आणि उंद्रीकडच्या एका गावात मी नवी सून होते. गावाचं भलं गावानंच करायचं, असं तेव्हा वारं होतं. ब्लॉकचे, म्हणजे विकास कचेरीचे, साहेब आले आणि शाळेच्या ओट्यावर शिबिर भरलं. श्रमदानातून कोणतं काम करायचं ते सगळ्यांनी बसून ठरवायचं होतं, बायांनीसुद्धा. अध्यक्ष होते माझे सासरे. त्यांना मी मामाजी म्हणायची, तेही मनातल्या मनात. त्यांच्यासमोर तोंड उघडायची आमच्या घरात रीत नव्हती.

साहेब हौशी होते. म्हणाले, बायांनी शाळेच्या अंगणात गावाचा नकाशा काढावा, रांगोळीनं. मग सगळ्या बायांनी मलाच पुढे ढकललं. मी मारुतीचं देऊळ काढलं, विहीर काढली, गोठे काढले, चिंच काढली. गल्ल्यांना हळद भरली. फक्त मावळतीची बाजू सोडली. तिथं माणसाहून उंच निवडुंगाचं कुंपण होतं आणि त्याच्या आड आमची गोदरी, म्हणजे बायांची बाहेर जायची जागा. गावात तेवढाच एक आडोसा, बाकी सगळं उघडं रान. पण गोदरी कोणी रांगोळीनं काढतं का? तिथलं शेणानं सारवलेलं अंगण मी तसंच ठेवलं.

चुन्याचं घमेलं घेऊन साहेब नकाशावर आले. फाट्यापासून गावापर्यंत रस्ता करायचा, हे पुरुषांनी आधीच ठरवलं होतं. साहेबांनी रिकामी जागा पाहिली आणि खूश झाले. "इकडे तर काहीच नाही!" म्हणाले आणि सरळ पांढरी रेघ ओढली. रेघ आमच्या निवडुंगातून आरपार गेली.

मागे बायांची चुळबुळ सुरू झाली. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझ्या कमरेला चिमटा काढला. "बोल ना वं. शिकेल हायेस तू."

मी उभी राहिले. पदर नाकापर्यंत ओढलेला. मातीकडे बघत म्हणाले, "तिथं बाया जातेत जी."

हे सगळ्यांना ऐकू गेलं. मी शपथेवर सांगते, शेवटच्या खांबापर्यंत ऐकू गेलं. पण कोणी वर पाहीना. एकानं चंची उघडली, एकाला खोकला आला. बाया कुठं जातात हे आपल्याला माहीत आहे, असं चारचौघांत कबूल कोण करणार? साहेबांचे कान लाल झाले. मामाजी घसा खाकरून म्हणाले, "बरं, मंग मुरूम कोण्या खदानीतून आणाचा?" आणि सभा मुरमावर गेली.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी कुणीतरी लुगडं ओढून मला खाली बसवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घरी आल्यावर आत्याबाईच कडाडल्या. "तुले तोंड उघडाले कोनं सांगतलं होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची असते!" चिमट्याचं त्यांना काही आठवत नव्हतं. विहिरीवर बाया मला 'सभेवाली' म्हणू लागल्या. मला पाठवणाऱ्याही ह्याच आणि हसणाऱ्याही ह्याच. मी पहाटेच पाणी आणू लागले, कोणाचं तोंड बघायला नको म्हणून.

मग श्रमदान झालं. पुरुषांनी निवडुंग तोडला, आम्ही तो ओढत नेऊन नाल्यात टाकला. काटे तळहातात मोडले. वर मुरमाची टोपली वाहताना गाणीही म्हटली. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला आणि त्याला चाल लावली.

पहिली यष्टी आली तेव्हा गावानं नारळ फोडला. ती दुपारची होती, म्हणून सगळं छान झालं. मुक्कामाची गाडी मात्र दिवेलागणीला यायची. पहिल्याच संध्याकाळी आम्ही रस्त्याकडेला बसलो होतो, दुसरी जागाच नव्हती. वळणावर गाडी फिरली आणि दिव्यांचा झोत थेट अंगावर आला. आम्ही सगळ्या एकदम उठलो, रस्त्याकडे पाठ केली आणि तोंड झाकून उभ्या राहिलो. गाडी हळूहळू, खडखडत गेली. रस्ता आमचाच, कच्चा. ड्रायव्हरच्या शेजारी मानाच्या जागेवर मामाजी होते. आत्याबाईंचं तोंड झाकलेलं होतं, पण अंगावरचं हिरवं लुगडं मामाजींनीच चिखलीहून आणलेलं होतं.

त्या रात्री ते जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

सकाळी ते कुदळ घेऊन नाल्याकडे गेले. फेकलेल्या निवडुंगाला जागोजागी मुळं फुटली होती. त्याचे तुकडे आणून रस्त्याच्या कडेनं एकटेच लावू लागले. दिवस चांगला वर आला होता, माणसं शेताला निघाली होती. जो तो "राम राम" म्हणायचा आणि पुढे जायचा. टोपल्या-टोपल्यावरून शिबिरात भांडलेली माणसं ही, पण अध्यक्ष हे काय करताहेत असं एकानंही विचारलं नाही. त्याला श्रमदान कोणी म्हटलं नाही.

आत्याबाईंनी मला पाणी घेऊन पाठवलं. मी लोटा खाली ठेवला आणि पदर ओढून वळले.

"सूनबाई," ते म्हणाले. मला त्यांनी मारलेली ती पहिली हाक. मी थांबले.

ते मातीकडेच बघत होते. "त्या दिवशी तू बोलली, ते मले आयकू आलतं."

त्यांचा हात काट्यांनी रक्ताळला होता. मला वाटलं होतं, हे ऐकून हलकं वाटेल. उलट त्यांची मान खाली गेलेली पाहून मलाच कुठं तोंड लपवू असं झालं. पदर आणखी ओढायला जागा नव्हती. मी पायांकडे बघत उभी राहिले. निवडुंग माझ्या घोट्याएवढा होता.