शेवटी सुधा

हे मी तीन वर्षं कुणालाही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. हा ‘सुद्धा’ लिहिताना माझं बोट अजून अडखळतं — का, ते पुढे येईलच. चूक माझी होती. म्हणजे, चूक एकच दिवस होती. त्यानंतर मी जे केलं त्याला चूक म्हणणं म्हणजे स्वतःला सूट देणं.

आधी काकांबद्दल सांगतो. ते सोपं आहे.

सबनीसकाका अमेरिकेतल्या आमच्या वाळवंटी चँडलर गावच्या मराठी मंडळातले सगळ्यांत जुने. आम्ही बहुतेक सगळे चिपच्या कंपन्यांत व्हिसावर आलेलो. ते सिव्हिल इंजिनिअर, या भागात मोहरी-जिऱ्याचं एकही दुकान नव्हतं तेव्हाचे. एका माजी राष्ट्राध्यक्षावर त्यांची अपार भक्ती. कोणत्या, ते सांगत नाही. सांगितलं की तुम्ही काकांना तुमच्या राजकारणाच्या तागडीत घालाल. त्याच्या कारकिर्दीत काकांना ग्रीन कार्ड मिळालं, एवढंच कारण. तो पायउतार झाल्यावर टीव्हीवर जाहिरात लागली होती — चार व्हिडिओ कॅसेटचा स्मृतिसंच, निळी मखमली पेटी, वर सोनेरी अक्षरं, आत त्याचा चेहरा कोरलेलं नाणं आणि असा संच पुन्हा निघणार नाही असं सांगणारं प्रमाणपत्र. काकांनी तो मागवला. बालपण, निवडणूक, कारकीर्द, निरोप. दर रविवारी सकाळी एक भाग, वर्षानुवर्षं. त्यांच्याकडे चहाला गेलेल्या प्रत्येकानं निरोपाच्या भागातला तो हलणारा हात पाहिलेला आहे.

पाठीमागे आम्ही त्यांना ‘प्रेसिडेंटकाका’ म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं.

काकू गेल्या. मग दोनेक वर्षांनी काकांचा व्हीसीआर बिघडला. संक्रांतीच्या कार्यक्रमात ते सगळ्यांसमोर मला म्हणाले, “अभय, तुझ्याकडं ते कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायचं मशीन आहे म्हणे?” होतं. माझ्या लग्नाची कॅसेट उतरवायला घेतलेलं. मी ऐटीत म्हणालो, “द्या हो काका, एका वीकेंडचं काम.” दुसऱ्या दिवशी ते पेटी दोन्ही हातांत धरून दारात उभे. “सांभाळून हं. शेवटचा भाग विशेष.” मला वाटलं, हलणारा हात.

चौथ्या कॅसेटवर छापील मजकुराखाली कुणीतरी बॉलपेननं मराठीत लिहिलं होतं — शेवटी सुधा.

मी मंडळाच्या दिवाळी अंकाचं शुद्धलेखन तपासतो. पुण्याचा आहे. मला काय दिसलं असेल? मला ‘सुद्धा’ दिसला, त्यातला ‘द्ध’ गाळलेला. मी त्या लेबलचा फोटो काढला आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकला: “राष्ट्राध्यक्ष सुरुवातीला, राष्ट्राध्यक्ष मधे, आणि शेवटी सुधा! चाळीस वर्षं अमेरिकेत राहिलं की ‘द्ध’ असा गळतो.” बारा जण हसले. नागपूरच्या एकानं लिहिलं, “काका रॉक्स यार.” काका त्या ग्रुपवर नव्हते.

कॅसेट उतरवायला कॅसेटएवढाच वेळ लागतो. चारींचे आठ तास. पहिलीची दहा मिनिटं पाहिली आणि कंटाळलो. इंटरनेटवर शोधलं तर तेच चार भाग होते, जास्त स्वच्छ चित्राचे. ते मी पेन ड्राइव्हवर घेतले. कॅसेट गॅरेजमधून कचऱ्याच्या काळ्या डब्यात टाकल्या. सोमवारी गाडी आली, घेऊन गेली. रिकामी पेटी आणि नाणं काकांना परत दिलं, वर पेन ड्राइव्ह. म्हणालो, “कॅसेटना बुरशी लागली होती. उतरवल्या आणि टाकल्या.”

“बुरशी?” काका म्हणाले. “या वाळवंटात?”

“व्हिनेगरसारखा वास येत होता काका.” असं म्हटलं की माणूस पुढे विचारत नाही.

इथपर्यंतची चूक. आळस म्हणा, बेपर्वाई म्हणा. इथं थांबलो असतो तर — पण थांबलो नाही.

तीन-चार दिवसांनी त्यांचा फोन आला. “अभय, अरे, चौथ्या भागात सुधा नाहीये.”

मी विचारलं, “कोण सुधा?”

मनापासून विचारलं. अकरा वर्षं मी त्या बाईच्या हातचं खात होतो. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी पन्नास माणसांचा शिरा केला होता. आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. कुणाला होतं? त्या काकू होत्या. आपल्याकडे काकूला नाव कुठं असतं?

“अरे, तुझी काकू,” ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. चौथी कॅसेट लवकर संपायची, पुढे बरीच पट्टी कोरी राहायची. काकूंना काही वाया गेलेलं खपत नसे. विकतच्या कॅसेटवर चुकून दुसरं काही टेप होऊ नये म्हणून कडेला एक खाच असते. तिच्यावर काकूंनी चिकटपट्टी लावली आणि त्या कोऱ्या पट्टीवर स्वतःला टेप केलं. रविवारच्या त्या भक्तीला कंटाळून. इस्त्रीच्या टेबलामागे उभं राहून, टेबलावर कणीक मळायची परात उभी करून — तिच्यावर राष्ट्राध्यक्षाच्या मुद्रेसारखं गरुडाचं चित्र चिकटवलेलं — त्यांनी राष्ट्राला उद्देशून भाषण केलं. राष्ट्र म्हणजे काका. “प्रिय देशबांधव, गेली एकवीस वर्षं आपण ओला टॉवेल पलंगावर टाकत आला आहात…” असं सात-आठ मिनिटं. आणि शेवटी, “आता टीव्ही बंद करा आणि जेवायला या.” काकू गेल्यावर त्यांचा आवाज असलेलं घरात तेवढंच एक होतं.

हे सांगताना काका हसत होते. “बघ ना, तू कुठंतरी शेवट कापला असशील. तेवढं जोडून दे.”

लेबल मला आठवलं. त्या क्षणी, फोन कानाला असताना. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

मी काय बोलायला हवं होतं? तीन शब्द होते. मी टाकली, काका. त्याऐवजी मी म्हणालो, “काका, मी स्वतः शेवटपर्यंत पाहिली. पुढे नुसता काळा पडदा होता.”

“नाही रे, लेबलवर लिहिलंय की तिनं.”

“लेबलवर? काका, सगळं छापील होतं.”

ते गप्प झाले. मी तुम्हाला खरं सांगायला बसलोय, म्हणून हेही सांगतो — त्या गप्प होण्यानं मला बरं वाटलं. सुटलो म्हणून नाही. समोरचा माणूस स्वतःवर शंका घ्यायला लागलाय हे ऐकू येतं, आणि त्याची एक चव असते. मला ती आवडली.

पुढचे काही आठवडे काका फोन करत राहिले. दर वेळी एक नवा तपशील — परात पितळेची होती, काकूंनी काकांचा कोट घातला होता. दर वेळी मी आवाज मऊ करून म्हणायचो, “काका, इस्त्रीच्या टेबलामागे? भाषण? तुम्ही झोपता का नीट?” एकदा गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात त्यांनी चारचौघांत विषय काढला, तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांकडे बघत म्हणालो, “काकांनी आता काकूंनाच निवडून आणलंय.” लोक हसले. मग काकांचा चेहरा बघून हसायचे थांबले. कुणीतरी माझ्या कानात म्हणालं, “किती सांभाळतोस रे तू त्यांना.”

मेमध्ये, ऊन एकशे पाच फॅरनहाइटच्या वर गेलेलं असताना, ते गाडी घेऊन माझ्या घरी आले आणि न विचारता गॅरेजमध्ये खोकी उपसायला लागले. घामानं थबथबलेले. “कुठंतरी असेल अभय, तू नीट पाहिलं नसशील.” मी त्यांना पाणी दिलं. शोधू दिलं — अर्धा तास. नाहीये हे मला ठाऊक असताना, खुर्ची टाकून बघत बसलो. मग दूर उत्तरेत रेडमंडला राहणाऱ्या त्यांच्या मुलीला, मीनलला फोन लावला.

काय सांगितलं मी तिला? बाबांना भास होतात. नसलेली कॅसेट शोधतात. उन्हात गाडी घेऊन फिरतात. “आय ॲम सो सॉरी, दादा,” ती रडत म्हणाली, “तुम्ही आहात म्हणून.” तिच्या आईच्या त्या भाषणाबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं, तेव्हा ती कॉलेजला दूर होती. नवरा-बायकोतली ती गंमत दोघांतच राहिली होती. म्हणजे तिसरा साक्षीदार नाही, हेही मी फोनवरच हिशेबात धरलं.

ती आली, त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथं स्मरणशक्तीची चाचणी घेतात — आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा, सध्याचे राष्ट्राध्यक्ष कोण. काकांनी आपल्या राष्ट्राध्यक्षाचं नाव सांगितलं. ही त्यांची जुनी कोटी होती, मंडळात शंभरदा ऐकलेली: “माझा प्रेसिडेंट एकच.” घाबरलेला माणूस आपली ठेवणीतली कोटी करतो. डॉक्टरनं ते चूक म्हणून लिहून घेतलं. मीनलनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी म्हणू शकलो असतो, अगं, तो विनोद आहे. मी म्हणालो, “अरेरे.”

गाडीची किल्ली काढून घेतली. घर विकलं. काका रेडमंडला मुलीजवळच्या एका वृद्धांच्या निवासात गेले. सामान बांधायला मंडळातले आम्ही सगळे होतो. निळी पेटी कुणी उचलली असेल? मीच. चिकटपट्टी लावून खोक्यात बंद केली.

तीन वर्षं गेली. मी या काळात झोपलो, जेवलो, दिवाळी अंक काढले. एका वर्षी अग्रलेखात ज्येष्ठांच्या एकटेपणावर लिहिलं. लोकांनी कौतुक केलं. टोचणीनं माझी झोप उडाली असं म्हणायला मला आवडलं असतं. नाही उडाली.

मग यंदाच्या मार्चमध्ये मुलीनं शाळेच्या कामासाठी माझ्या फोनमधले जुने फोटो चाळले. “बाबा, हू इज सुधा?” तिनं विचारलं. तिला मराठी वाचायला मीच शिकवलंय — अक्षर न् अक्षर लावून वाचते, त्यामुळे जे लिहिलंय तेच वाचते. शेवटी सुधा. मी थट्टेसाठी काढला होता, तोच फोटो. ग्रुपवर तो अजूनही होता. बारा जणांनी पाहिला होता आणि एकालाही कळलं नव्हतं, कारण काकूंचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये कामानिमित्त रेडमंडला गेलो. पाऊस होता. काका खिडकीशी बसले होते, स्वेटरवर स्वेटर. मला लगेच ओळखलं. “अभय! ये रे. अंक निघाला का?” टीव्ही बंद होता. निळी पेटी कपाटावर, माझ्या चिकटपट्टीसकट.

मी म्हणालो, “काका, त्या कॅसेटबद्दल बोलायचंय.”

त्यांनी घाईनं हात हलवला. “नाही नाही, तो विषय संपला. तेव्हा मी फार त्रास दिला तुला. डॉक्टरांनी समजावलं मला, मनाचे खेळ असतात. आता नाही मी तसं म्हणत.” आणि दाराकडे पाहिलं — कुणी ऐकत तर नाही ना, म्हणून. “मीनलला सांगू नकोस हं, मी विषय काढला म्हणून.”

विषय मी काढला होता.

मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला. मग बोट काचेवर ठेवलं, तर चित्र मोठं झालं, नुसतं अक्षर राहिलं. “हा ‘ध’ तिचा,” ते म्हणाले. “अशी गाठ तीच मारायची.” आणि मग तोंड उघडंच राहिलं, आणि माझ्याकडे बघत, त्यांच्या लहानपणी मी त्यांना पाहिलेलं नाही, पण तेव्हा दिसत असतील तसे होऊन, म्हणाले —

“मग लाव की, अभय. मिळाली ना? लाव.”

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. म्हणालो, काका, मिळालेली नाही. मी कधी पाहिलीच नव्हती. न बघता कचऱ्यात टाकली. तुम्ही फोन केलात त्याच दिवशी मला कळलं होतं की तुम्ही खरं बोलताय. तरी मी तुम्हाला वेडं ठरवलं, आणि मीनललाही तेच सांगितलं. आज संध्याकाळी तिलाही खरं सांगणार आहे. तुम्हाला काहीही झालेलं नव्हतं. सुधाकाकू शेवटी होत्या. मी त्यांना टाकलं. मला माफ करा असं मी म्हणणार नाही, ते तुमच्यावर टाकल्यासारखं होईल. माझा अपराध आहे, काका, एवढंच सांगायला आलो.