एकोणीस फूट चार इंच

कोंबड्यांच्या घाणीचा मला कधी त्रास झाला नाही. रोज सकाळी खुराडं मीच खरवडून काढायचो, वर चुलीतली राख टाकायचो, हात धुऊन ऑफिसला जायचो. सात वर्षं केलं. किळस आली ती माणसांची, आणि ती अजून गेलेली नाही. त्या माणसांत मी स्वतःलाही धरतो.

अंधेरीला, स्टेशनपासून पूर्वेला वीस मिनिटं चालत, आमची बारा बिऱ्हाडांची सोसायटी होती. आम्ही तळमजल्यावर. मागे पंचवीस फूट परसू, मग कंपाउंडची भिंत, पलीकडे नाला. त्या भिंतीला टेकून मी फळ्या आणि जाळी लावून खुराडं बांधलं होतं, चार फूट लांब, अडीच फूट रुंद. कोंबड्या बायकोच्या. ती मालवणकडची. दारात कोंबडी नसलेलं घर तिला घर वाटायचंच नाही. पासष्ट सालच्या सुमारास मुलीला टायफॉइड झाला, डॉक्टरांनी रोज एक अंडं द्या म्हणून सांगितलं आणि बायकोला निमित्त मिळालं. पाच कोंबड्या, एक कोंबडा. रोज किती अंडी मिळाली ते मी कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायचो. महिन्याला कधी साठ, कधी पंचेचाळीस. शेजारच्या ब्लॉकमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी राहायचे. त्यांच्याकडून आठवड्यातून एकदा रिकामी वाटी यायची आणि तीन अंडी घेऊन परत जायची.

एका वर्षी गच्चीवरच्या वार्षिक सभेत कोणीतरी कोंबड्यांचा विषय काढला. पहाटे कोंबडा ओरडतो, वास येतो, वगैरे. सेक्रेटरींनी नियमाचा मसुदा वाचला : कोंबड्या पाळणाऱ्यांनी इतरांना उपद्रव होऊ देऊ नये.

मी उठलो. म्हटलं, "उपद्रव कोणी आणि कशाने मोजायचा? नियम करायचा तर त्यात आकडा घाला."

"मग तुम्हीच सांगा ना आकडा," सेक्रेटरी म्हणाले.

"स्वयंपाकघराच्या कोणत्याही खिडकीपासून खुराडं वीस फूट हवं."

एकमताने मंजूर. माझ्या आणि सेक्रेटरींच्या, दोन्ही खिडक्यांपासून माझं खुराडं साडेबावीस फुटांवर होतं. मी खूश होऊन घरी आलो.

बायको म्हणाली, "म्हणजे आपला नियम आपणच आपल्याला लावून आलात?"

"अगं, आता कोणी तोंड उघडू शकणार नाही. अडीच फूट शिल्लक आहेत."

"फुटांचं मला सांगू नका. माणसं कशी आहेत ती बघा," ती म्हणाली. मी ते कानाआड केलं.

पुढच्या उन्हाळ्यात सेक्रेटरींनी मागचा व्हरांडा बंद करून घेतला. विटा, गज, वर पत्रा. म्युनिसिपालिटीची परवानगी नव्हतीच. आमच्याकडे तेव्हा ती कोणी काढत नसे. व्हरांड्यात ओटा आला आणि त्यांचं स्वयंपाकघर तीन-सव्वातीन फूट पुढे सरकलं. ते काम मी रोज बघत होतो. सिमेंटच्या गोणी ठेवायला परसूही दिला. त्या भिंतीने माझे अडीच फूट खाल्ले, हे फुटाफुटाचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्या डोक्यात आलं नाही.

आषाढात सेक्रेटरींची लेखी तक्रार आली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत वास येतो, अंतर मोजावं. कमिटीने मोजायला मला आणि म्हाताऱ्या खजिनदारांना नेमलं. त्यांनी टेपचं एक टोक नव्या खिडकीच्या गजाला धरलं, मी दुसरं खुराड्याच्या जाळीला लावलं. एकोणीस फूट चार इंच. पुन्हा मोजलं. तेच.

खजिनदार माझ्या कानाशी आले. "वीस लिहा हो. आठ इंचांनी कोणाचं काय जातंय? आणि ती खिडकी तरी कुठे कायद्यातली आहे!"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण नियमात मीच 'कोणत्याही खिडकीपासून' असे शब्द घातले होते. मी एकोणीस फूट चार इंच लिहिलं आणि खाली सही केली. सेक्रेटरींनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "तुमच्यासारखी सरळ माणसं आता राहिली नाहीत."

खुराडं मागे सरकवावं तर भिंत, बाजूला सरकवावं तर पाण्याची टाकी. कमिटीने आठ दिवसांची मुदत दिली.

बायकोने मला खुराड्यापाशी नेलं. तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती. अकरा अंडी, बसून नऊ दिवस झालेले. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतात हे मलाही माहीत होतं. मुदत सतराव्या दिवशी संपत होती.

"चार दिवस मागा त्यांच्याकडून. बाकीच्या उद्या काढते," ती म्हणाली. "हिला तेवढं उठवायला लावू नका."

सात वर्षांत तिने पिल्लं कधी काढली नव्हती. खुडूक कोंबडी अंडी देत नाही, महिन्याचा आकडा खाली येतो म्हणून मीच नको म्हणत आलो होतो. त्या वर्षी पहिल्यांदा तिने मला न विचारता कोंबडी बसवली होती.

मी सेक्रेटरींकडे गेलो. ते नव्या ओट्याशी चहा घेत उभे होते. मी एकवीसचा हिशेब समजावून सांगितला. फक्त चार दिवस मागितले.

"नाही जमायचं हो," ते म्हणाले. "रविवारी गटारी. सोमवारपासून श्रावण. श्रावणात तुमच्या कोंबड्या घेणार कोण?"

मला कळेना. "विकायच्या कुठे आहेत?"

"मग काय करणार त्यांचं? आपल्याच चार घरांनी घ्यायच्या ठरल्यात. कोंबडा मला. मुदत उगाच का रविवारची ठेवली?" आणि ते हसले. आपण वावगं काही बोलतोय असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. खुराड्याच्या घाणीने कधी आली नव्हती ती किळस मला तिथे आली. वास नव्हता, उपद्रव नव्हता. पंचांग बघून काढलेला ठराव होता, आणि त्याला हत्यार म्हणून माझा आकडा.

घरी येऊन मी सांगितलं. बायको पोळी लाटत होती, लाटतच राहिली. दुसऱ्या दिवशी वर्सोव्याहून मासे घेऊन येणारी कोळीण दारात बसली तेव्हा बायकोने तिला विचारलं, "मावशी, माझ्या कोंबड्या ठेवाल?"

"दे गो बाय," ती म्हणाली. "वर्सोव्याला माझ्या अंगणात जागा हाय. पण बसलेली कोंबडी हलवू नये, पोरी. अंडी गार पडली की संपलं."

"इथे ठेवली तर रविवारी कापतील."

"कोण? हे शेजारी? मग ने उचलून आजच."

एका टोपलीत पाच जणांना पाय बांधून घातलं. दुसरीत भुसा, अंडी आणि वर ती तांबडी, साडीच्या तुकड्याने झाकलेली. मी टोपली धरायला पुढे झालो. "राहू दे," बायको म्हणाली आणि मुलीला घेऊन बसस्टॉपकडे निघाली. पाऊस लागला होता. दोन बस बदलायच्या होत्या. मी फाटकाशी उभं राहून, एकूण किती वेळ लागेल याचा अंदाज करत होतो. सव्वा तास.

रविवारी सेक्रेटरींनी बाजारातून कोंबड्या आणल्या. नव्या खिडकीतून मसाल्याचा वास संध्याकाळभर आमच्या घरात येत होता. पिसं त्यांनी भिंतीवरून नाल्यात टाकली. निम्मी आमच्या परसात पडली, ओल्या फळ्यांना चिकटली. ती मी गोळा केली. सोमवारी त्यांच्याकडून श्रावणी सोमवारचा प्रसाद आला. बायकोने तो कावळ्यांना ठेवला.

बारा दिवस झाले. शेवटी मीच विचारलं, "किती फुटली?"

"टेप घेऊन जा," ती म्हणाली, "आणि मोजून या."

मी खरंच गेलो. टेप नेली नाही. वर्सोव्याला मावशीच्या दारात, सुकत घातलेल्या जाळ्याखाली तांबडी फिरत होती आणि तिच्यामागे पिल्लं. तीन. मी विचारलं नसताना मावशीने सांगितलं, "बाकीची गार पडली."

घरी येऊन मी कॅलेंडरच्या चौकोनात तीन लिहिलं. उरलेली आठ कुठे लिहायची ते मला सुचलं नाही. मी पेन्सिल खाली ठेवली. बायको ओट्याशी उभी राहून बघत होती.