विहारातला दवाखाना

सौसरला मिशनच्या दवाखान्यात मी नर्स आहे. आम्ही बौद्ध. माझ्यासोबत गावोगाव फिरणाऱ्या सिस्टर, मिशनमधल्या नन, नागालँडच्या. बाजारात लोक त्यांना तोंडावर ‘चिनी’ म्हणत, आणि त्या शांतपणे भाजीचा भाव करत.

दर बुधवारी डॉक्टरांसोबत आम्ही रामाकोन्याच्या पुढच्या एका गावी जायचो. संत्र्याची बाग असलेल्या एका घरच्या ओसरीत रोगी तपासायचो. पाणी यायचं तेव्हा डॉक्टरांना स्टीलचा पेला, आम्हा दोघींना कागदाचा कप.

एकदा परत येताना सिस्टरांनी विचारलं, “मी बाहेरची, म्हणून कप. तू तर इथलीच. तुला काहून?”

मी जात सांगितली. संध्याकाळी सिस्टर जपमाळ घेऊन चॅपलमध्ये बराच वेळ बसल्या. त्या बाहेर आल्यावर मी म्हटलं, “देवाला काय मागून राहिल्या होत्या?”

“राग कमी कर म्हटलं. पण गप्प बसायला लावू नको, हेही म्हटलं.”

डॉक्टरांशी बोलून सिस्टरांनी पुढच्या बुधवारी त्या बागवाल्या घरच्या म्हातारीला हात जोडले. “आई, आता दवाखाना बौद्ध मोहल्ल्यातल्या विहारात. सगळ्यांसाठी.”

“आमचे लोक तिथं नाही येनार,” म्हातारी म्हणाली.

“आम्ही वाट पाहू.”

सुरुवातीला फक्त आमचेच लोक आले. मला धाकधूक वाटे. सिस्टर मात्र चपला काढून विहाराच्या पायरीवर डोळे मिटून बसत, मग कामाला लागत. हळूहळू कापूस वेचणाऱ्या बाया आल्या, मग वरच्या आळीतल्या लेकुरवाळ्या.

एका बुधवारी ती म्हातारीच नातवाच्या मोटारसायकलवरून उतरली. गुडघे सुजले होते. चटईवर माझ्या शेजारी टेकली आणि पाणी मागितलं. माठ एक, पेला एक. तिनं पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि प्यायली.

“थंडं हाये वो पानी,” म्हणाली.

सिस्टर तिच्या गुडघ्याला मलम लावत होत्या. म्हातारीनं विचारलं, “तुह्या गावाले संत्रे होतात काय वो बाई?”

“होतात ना, आई. आमच्या डोंगरात खूप.”

मग दोघींचं कलमांवर बोलणं सुरू झालं, ते डॉक्टरांनी थांबवेपर्यंत.

बाजारात अजूनही कोणी ‘चिनी’ म्हणतं. पण बुधवारी विहार भरतो, आणि म्हातारी दारात बसून येणाऱ्यांना नंबर लावायला सांगते. मला ते पाहायला फार आवडतं.