जायचे तीन, यायचे चार

दोबाराचाचांना कोणतीही गोष्ट एकदा सांगून भागत नसे. मंगरूळपीरच्या मोटर अड्ड्यावर कोणी म्हणाले, वाशिमची रेल्वे आज वेळेवर आहे, की चाचा म्हणत, "दोबारा सांग." दुसऱ्यांदा सांगताना माणूस अडखळला तर बातमी खोटी. अडखळला नाही तर पाठ केलेली. त्यांचे खरे नाव गावात फारसे कोणी घेत नसे.

त्यांची एक मोटर होती. ती मंगरूळहून वाशिम स्टेशनला उतारू नेई. निघण्यापूर्वी चाचा ड्रायव्हरला आणि क्लीनरला वेगवेगळे गाठून विचारत, इंजिनात पाणी भरले का. एकदा दोघांचे उत्तर जुळले म्हणून संशय वाढला आणि त्यांनी तापलेल्या इंजिनाचे झाकण स्वतः उघडले. बोटे भाजली. पट्टी बांधून ते एवढेच म्हणाले, "भरलं होतं खरं. पण तुमी दोघं एकसारखं काहून बोलले?"

मुलगा युनूस याच मोटरीवर शिकला आणि दुसऱ्या महायुद्धात फौजेचा ड्रायव्हर होऊन इटलीला गेला. ईद होऊन महिना झाला असेल, तेव्हा तो कामी आल्याची तार आली. चाचांनी ती पोस्टातल्या बाबूकडून वाचून घेतली, मग एका वकिलाकडून, मग माझ्याकडून. मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. तिघांनी एकच मजकूर सांगितला. चाचा म्हणाले, "तुमी तिघंबी एकाच शाळेतले."

दहा दिवसांनी युनूसचे उर्दूत लिहिलेले पत्र आले. ते तारेच्या आधी लिहिलेले होते. तारीख वर स्पष्ट होती. फौजेची डाक उशिरा येते, असे मी सांगून पाहिले.

"मेलेला माणूस पत्र लिवते काय, मास्तर?"

"तारीख पाहा ना, चाचा."

"तारीख काय, कोणीबी लिवते."

त्या दिवसापासून घरात युनूस जिवंत होता. त्याची बायको जमीला वीस वर्षांची होती. तिचा भाऊ आसेगावहून दोनदा येऊन गेला. बहिणीने इद्दतीला बसावे, शोकाची मुदत पुरी करावी आणि माहेरी यावे, मालेगावला एक स्थळ आहे, असे त्याचे म्हणणे होते. चाचांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले. "एका कागदावर मी पोरीच्या बांगड्या फोडू काय?" जमीलाचे म्हणणे काय, ते कोणी विचारले नाही.

लढाई संपल्यावर फौजेच्या कचेरीने कळवले की युनूस बारी या गावी काही दिवस दवाखान्यात होता. पुढे फ्लॉरेन्सजवळ मारला गेला आणि तिथल्याच लष्करी कब्रस्तानात त्याला दफन केले आहे. चाचांनी ठरवले, सगळ्या घराने जाऊन पाहायचे.

दर रविवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर मी शाळेतला नकाशा घेऊन त्यांच्या बैठकीत जात असे. मुंबईहून आगबोटीने नेपल्स. तिथून रेल्वेने बारी. "दवाखान्याचं रजिस्टर पायतो." मग रोम. रोममध्ये काय काम, असे मी विचारले. "वरच्या सायबाले आधी विचारतो, मंग फ्लॉरेन्सच्या खालच्याले. जवाब जुळले पायजे." प्रत्येक शहरात स्टेशनपासून गावापर्यंत त्यांनी मोटर धरली होती. रेल्वे मंगरूळला कधी आलीच नव्हती. आधी मोटर, मग स्टेशन, हाच आमचा प्रवास. रोमला रेल्वे थेट शहरात जाते, असे मी म्हणालो.

"तुमी पायलं काय?"

"नाही."

"मंग मोटर लिवा."

प्रवाशांचा रकाना त्यांनी पहिल्याच रविवारी सांगितला होता. चाचा, चाची आणि सून, जायचे तीन. यायचे चार. मी काही न विचारता लिहिले.

असे सहा महिने चालले. एका रविवारी बेत पुरा झाला आणि चाचांनी तो मला वाचायला लावला. मी वाचला. "दोबारा," ते म्हणाले. मी पुन्हा वाचू लागलो. "जायचे तीन, यायचे चार" इथवर आलो, तेव्हा आतल्या दाराच्या पडद्यामागून आवाज आला. जमीला माझ्यासमक्ष कधीच बोलली नव्हती.

"अब्बा, यायचेबी तीनच लिवा."

चाचा वळले नाहीत. "तुले कोणं पढवलं? आसेगाववाल्यानं?"

"कोणंच नाही. त्यायच्या पत्रात हाये, ईद आठ दिसावर आली म्हून. तार आली तवा ईद होऊन गेली होती. तारीख कोणीबी लिवते, पण हे त्यायनंच लिवलं हाये. अक्षर त्यायचं हाये. तुमीबी वाचलं ते पत्र, अब्बा."

आत चाची भांडी घासत होत्या. तो आवाज थांबला. चाचांनी माझ्यापुढचा कागद आपल्याकडे ओढला, मराठी वाचता येत नसतानाही बराच वेळ पाहिला आणि परत सरकवला.

"यायचे चार खोडा, मास्तर," ते म्हणाले. "अन् जायचे तीनबी खोडा. आमी दोघंच जाऊ, म्हातारा-म्हातारी. तिले आसेगावले जायचं हाये."

मी दोन्ही आकडे खोडले.

पुढच्या आठवड्यात जमीलाचा भाऊ आला. चाचांनी त्याला ओट्यावर बसवून तासभर विचारले: मालेगावचा तो मुलगा काय धंदा करतो, पहिली बायको आहे का, मोटर चालवतो का. चालवत नाही, असे कळल्यावर त्यांनी पसंतीची मान डोलावली. जमीला आत आपली पेटी भरत होती.